अपुरी राहिलेली चढाई

ज्या कड्यावर पूर्वी कोणी चढलेले नाही, त्यावर वाट काढण्यास कित्येकदा अनेक दिवस, क्वचित वर्षेही लागतात. गिर्यारोहक खडकात मेखा ठोकीत थोडा वर जातो आणि परत फिरतो. अशा वेळी पहिल्या मेखेस तांबडी फीत बांधण्याची चाल पुष्कळ देशांत आहे. त्यास विचारल्यावाचून ती वाट दुसऱ्याने पुरी करू नये, हा तिचा अर्थ. यास कायद्याचा आधार नाही, केवळ सभ्यतेचा आहे. तथापि वर्षानुवर्षे नुसती फीत बांधून कडा अडवून धरणे, हेही शोभत नाही.

अपुऱ्या चढाईचा मान राखणे कोकणास नवे नाही. 1676 च्या सुमारास मोरोपंत पेशव्यांनी सिद्दीच्या जंजिऱ्यावर मोहीम केली. तेव्हा लाय पाटील या कोळी वीरांनी रात्री समुद्रातून जाऊन तटास शिड्या लाविल्या, असे सांगतात. मागून यावयाचे सैन्य आलेच नाही. उजाडू लागताच त्यांनी शिड्या काढून घेतल्या. जंजिरा हाती आला नाही. तरीही शिवाजी महाराजांनी त्यांस पालखीचा मान देऊ केला. दर्यावर वावरणाऱ्यास पालखी कशाला, असे म्हणून त्यांनी ती नम्रपणे नाकारली. तेव्हा महाराजांनी त्यांस एक गलबत बांधून दिले व त्याचे नाव ‘पालखी’ ठेविले.