मिठात टिकणारं सोनं

मलेरियाच्या तपासणी-पट्टीवरची लाल रेघ बहुतेक किटमध्ये सोन्याची असते. दागिन्यातलंच सोनं, पण कण साधारण २० ते ४० नॅनोमीटरचे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.

मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार नगरात पावसाळ्यात या पट्टीचं काम मी जवळून पाहिलं. मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, दारोदारी पाण्याची पिंपं. तापाचा रुग्ण निघाला की आरोग्यसेविका बोटाला सुई टोचते, रक्ताचा थेंब पट्टीच्या खाचेत सोडते आणि वर द्रावणाचे थेंब टाकते.

"ताई, दोन रेघा आल्या तर चांगलं ना?"

"नाही मावशी. 'सी' अक्षराजवळची रेघ किट नीट चालल्याची. 'पीव्ही' अक्षरांजवळ दुसरी आली, तर मलेरिया."

रक्त पट्टीतून पुढे सरकतं, तेव्हा सोन्याचे कणही त्याच्यासोबत निघतात. प्रत्येक कणावर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. रक्तात मलेरियाच्या परजीवीचं प्रथिन असेल, तर ती त्याला पकडतात. पुढे पट्टीवर ठरावीक जागी बसवलेली दुसरी प्रतिपिंडं त्याच प्रथिनाला धरून ठेवतात आणि सोनं तिथे अडकतं. पुरेसे कण एका जागी जमले की डोळ्यांना लाल रेघ दिसते. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही.

हे लाल सोनं तयार होताना मी एका प्रयोगशाळेत पाहिलं. काचेची भांडी आधी अम्लराजाने धुतली, कारण जुन्या धातूचा अंशही पुढचं काम बिघडवतो. क्लोरोऑरिक आम्लाचं फिकट पिवळं द्रावण उकळायला लागलं, तेव्हा संशोधक बाईंनी त्यात सोडियम सायट्रेट ओतलं. पिवळा रंग गेला. काही क्षण पाणी नितळ राहिलं, मग करडं-निळसर झालं, मग जांभळं आणि शेवटी माणकासारखं लाल. ही रीत टर्केविच आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये मांडली. सोन्याच्या अशा लाल द्रावणाचा रंग कणांच्या सूक्ष्मपणामुळे येतो, हे मायकेल फॅरडेंनी १८५७ मध्येच ओळखलं होतं. कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर हेलकावतात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषून घेतात. उरतो तो लाल.

मग बाईंनी थोडं द्रावण वेगळ्या नळीत घेऊन त्यात मिठाचं पाणी टाकलं. लाल रंग क्षणात निळा पडला. सायट्रेटमुळे कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात. मीठ तो भार झाकतं आणि कण एकमेकांना चिकटतात. दुसऱ्या नळीतल्या कणांवर प्रतिपिंडांचं आवरण होतं. त्यातही तेवढंच मीठ पडलं, पण रंग हलला नाही. आवरण पुरतं बसलं, याची ही साधी कसोटी. रक्तातही मीठ असतं; त्यात न टिकणारा कण निदानाच्या कामाचा नाही. रंग बदलला की ती बॅच टाकून द्यायची आणि आवरणाचं प्रमाण पुन्हा बसवायचं. संशोधनाचा बराचसा वेळ या कामात जातो.

सोन्याचे कण घडवण्याच्या या विद्येत महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या पानांच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी कण बनवले. ते काम २००४ मध्ये 'नेचर मटेरियल्स'मध्ये छापून आलं. हे त्रिकोण अवरक्ताजवळचा प्रकाश शोषतात. तो प्रकाश शरीरात खोलवर शिरतो, म्हणूनच सोन्याचे कण तापवून कर्करोगाच्या पेशी मारण्याच्या संशोधनात अशा आकारांना महत्त्व आहे.

मला वाटतं, निदानाच्या पट्टीतल्या प्रत्येक कणाची खरी परीक्षा मच्छीमार नगरासारख्या वस्तीतच व्हायला हवी. इथली हवा दमट आणि खारी आहे, घरं लहान आहेत आणि तापात एक दिवस घरी बसलं तर त्या दिवसाची कमाई बुडते. इथे जी पट्टी विश्वासाने वाचता येईल, तीच यशस्वी.

तोवर आपण एवढं तरी पाळावं. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. किटचं पाकीट आधी फोडून ठेवू नये, ओलाव्याने पट्टी खराब होते. मुदतीची तारीख पाहावी आणि रेघ दिलेल्या वेळेतच वाचावी. 'सी'ची रेघ उमटली नाही, तर ती तपासणी धरू नये. आणि फक्त 'सी'चीच रेघ येऊनही ताप उतरत नसेल, तर डॉक्टरांकडे जाऊन काचेवरच्या रक्तनमुन्याची तपासणी जरूर करून घ्यावी.