पिंपातल्या पैशांवर उभा राहिलेला संघ

दौंड-शिरूर पट्ट्यातल्या माणसाला भागभांडवल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पाटसचा भीमा असो की न्हावऱ्याचा घोडगंगा, कारखान्याचा शेअर घेण्यासाठी वाडवडिलांनी पै-पैसा कसा जमवला याच्या गोष्टी इथल्या घराघरांत ऐकायला मिळतात. शेजारच्या नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा. त्याच १९५० साली, हजारो किलोमीटर दूर, अणुबाँबनं राख झालेल्या शहरात लोकांच्या पैशावर उभा राहिलेला एक बेसबॉल संघ पहिला सामना खेळायला उतरला. हिरोशिमा कार्प हे त्या संघाचं नाव.

जपानी व्यावसायिक बेसबॉलची ओळख करून घ्यायची तर बहुतेक जण तोक्योच्या योमिउरी जायंट्सपासून सुरुवात करतात. ते स्वाभाविकही आहे. योमिउरी वृत्तपत्राचे मालक मात्सुतारो शोरिकी यांनी १९३४ साली बेब रूथसह अमेरिकी खेळाडूंना जपानात बोलावलं आणि त्यांच्याविरुद्ध खेळलेल्या चमूतूनच हा संघ घडवला. त्या दौऱ्यात शिझुओकाच्या मैदानावर एजी सावामुरा नावाच्या सतरा वर्षांच्या पोरानं रूथ आणि लू गेरिगसारख्या दिग्गजांना लागोपाठ बाद केलं. सामना जपान १-० असा हरला, पण त्या पोराचं नाव जपान आजही विसरलेला नाही. हंगामातल्या सर्वोत्तम पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, त्याच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. सावामुरा स्वतः १९४४ साली युद्धात, जहाज बुडून गेला. १९३६ साली व्यावसायिक लीग सुरू झाली, १९५० साली तिच्या दोन झाल्या, सेंट्रल आणि पॅसिफिक. आज दोन्हींत सहा-सहा संघ आहेत आणि दोन्हींतले प्ले-ऑफ जिंकलेले संघ जपान सिरीजसाठी भिडतात. खेळाची मुळं त्याहून जुनी आहेत. होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकानं १८७२ साली तोक्योतल्या विद्यार्थ्यांच्या हाती चेंडू-फळी दिली, असं जपानी लोक मानतात.

तरीही मला वाटतं, आपल्या भागातल्या वाचकानं या खेळात शिरावं ते जायंट्सच्या दारानं नव्हे, कार्पच्या दारानं. बाकीच्या संघांमागे एकेक धनिक उभा आहे. कुणामागे वृत्तपत्र, कुणामागे रेल्वे कंपनी, कुणामागे मांसप्रक्रियेची किंवा मोबाइलची कंपनी. संघाच्या नावातच कंपनीचं नाव असतं आणि संघ म्हणजे तिची चालतीबोलती जाहिरात असते. १९५०च्या हिरोशिमाकडे असा धनिक नव्हता. ६ ऑगस्ट १९४५ला पडलेल्या बाँबनं वर्षाअखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं नेली होती. शहर पत्र्याच्या आणि लाकडी फळ्यांच्या घरांत राहत होतं. कंपनीच्या पैशाऐवजी प्रांत, हिरोशिमा आणि आसपासच्या नगरपालिका, आणि सामान्य नागरिक यांच्याकडून भांडवल जमा करायचं ठरलं. हिरोशिमाच्या किल्ल्याला कार्प माशाचा किल्ला म्हणतात, तेच नाव संघाला दिलं.

पहिल्या हंगामात ४१ विजय आणि ९६ पराभव. आठ संघांत आठवा नंबर. ठरलेलं भांडवल वेळेवर आलं नाही, खेळाडूंचे पगार थकले. मार्च १९५१मध्ये गोष्टी इतक्या थराला गेल्या की शिमोनोसेकीच्या तायो संघात कार्प विलीन करून टाकायचं जवळपास ठरलं होतं. बातमी फुटली आणि शहर हललं. व्यवस्थापक शुइची इशिमोतो मूळचे हिरोशिमाचेच. महायुद्धापूर्वी त्यांनी ओसाका टायगर्सला विजेतेपदं मिळवून दिली होती, म्हणजे मोठ्या संघात त्यांचं नाव होतं. त्यांनी संघ बुडू द्यायला नकार दिला आणि गावोगाव हिंडायला सुरुवात केली. शाळेत, कारखान्यात, वाडीवर जिथे माणसं जमतील तिथे भाषण करायचं आणि समर्थक मंडळ स्थापायचं. मैदानाच्या दाराशी साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, रिकामी लाकडी पिंपं ठेवली गेली. आत जाणारा माणूस त्यात जमेल तेवढे पैसे टाकायचा. जपानीत या प्रकाराला ‘तारु बोकिन’ म्हणतात आणि हिरोशिमात हा शब्द आजही सगळ्यांना ठाऊक आहे.

कारखान्याचा सभासद आणि पिंपात पैसे टाकणारा यांच्यात मोठा फरक होता, तोही सांगायला हवा. आपल्या शेअरबरोबर ऊस घालण्याचा हक्क येतो, मतदान येतं, दिवाळीला साखर येते. पिंपात टाकलेल्या पैशाची पावतीही मिळत नव्हती. स्वतःच्या घराला धड छप्पर नसलेल्या माणसांनी हरणाऱ्या संघासाठी खिसे रिकामे केले, आणि पुढची चोवीस वर्षं तो संघ एकदाही लीग जिंकला नाही. ज्या माणसांनी पैसे घातले त्यांच्यातल्या कित्येकांनी विजेतेपद पाहिलंच नाही. त्यांचं हे देणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

त्या काळात खेळाडूही दूरदूरहून आले. केनिची झेनिमुरा यांचा जन्म हिरोशिमाचा, पण ते अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्थायिक झाले होते. युद्धात अमेरिकेनं जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या गिला रिव्हर छावणीत त्यांनी झुडपं उपटून, पाणी वळवून बेसबॉलचं मैदान तयार केलं. त्यांची दोन मुलं १९५०च्या दशकात वडिलांच्या जन्मगावी येऊन कार्पकडून खेळली. १९५७ साली शहरातल्या कंपन्यांच्या देणगीतून नगरपालिकेचं नवं स्टेडियम बांधलं, तेही अणुबाँबनं सांगाडा उरलेल्या घुमटाच्या समोरच्या बाजूला. १९६८मध्ये तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा मोटार कंपनी, संघाची मुख्य आधार झाली आणि नाव ‘हिरोशिमा तोयो कार्प’ झालं. माझदाचं नाव मात्र संघाला लागलं नाही. आजही तिच्याकडे सुमारे एक तृतीयांश हिस्सा आहे, आणखी मोठा वाटा माझदाच्या संस्थापकांच्या मात्सुदा कुटुंबाकडे. संघ कंपनीच्या खर्चाच्या खात्यावर चालत नाही, त्याला स्वतःच्या तिकिटांवर आणि मालाच्या विक्रीवर उभं राहावं लागतं.

क्रिकेट पाहणाऱ्याला बेसबॉल समजायला फारसा वेळ लागत नाही. पिचर सुमारे साडेअठरा मीटरवरून कोपर वाकवून चेंडू फेकतो, चेंडूला टप्पा नसतो. तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडून दिलेले योग्य चेंडू, झाल्या की बॅटर बाद, तीन बाद झाले की डाव संपला, आणि असे नऊ डाव. चार बेसचा चौकोन पुरा केला की एक धाव. महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ मुला-मुलींनी हातमोजा घालून पाहिलेला असतो. एवढ्या शिदोरीवर ४ नोव्हेंबर १९७९चा शेवटचा डाव समजून घेता येतो. कार्पच्या इतिहासातला तो सर्वांत तणावाचा क्षण आहे.

त्याच्या चार वर्षं आधी, १९७५मध्ये, संघानं पहिल्यांदा लीग जिंकली होती. आधीची सलग तीन वर्षं शेवटचा नंबर. अमेरिकी व्यवस्थापक जो लुट्झनं टोप्या निळ्याच्या लाल केल्या आणि पंचांशी झालेल्या वादातून जेमतेम काही आठवड्यांत तो निघूनही गेला. ताकेशी कोबा यांनी संघ हाती घेतला, कोजी यामामोतो आणि साचिओ किनुगासा या दोघांच्या बॅटनं धावा ओतल्या आणि लाल टोपी शहराची झाली. जपान सिरीज मात्र हुकली. १९७९ला पुन्हा संधी आली ती किंतेत्सु संघाविरुद्ध. तीन-तीन बरोबरी, सातवा सामना, ओसाका स्टेडियम. नवव्या डावाच्या उत्तरार्धात कार्प ४-३नं पुढे, चेंडू डावखुऱ्या युताका एनात्सुच्या हातात, आणि एकही बाद नसताना तिन्ही बेसवर किंतेत्सुचे धावपटू. एक धाव झाली की बरोबरी, दोन झाल्या की सगळं संपलं.

एनात्सुनं बाजूला पाहिलं तर त्याच्या जागी आणायला दुसरे पिचर हात गरम करत होते. आपल्यावर भरवसा उरला नाही, हे त्याला लागलं. पहिल्या बेसवर उभा असलेला किनुगासा चालत त्याच्याजवळ आला आणि तुला जे वाटतंय तेच मलाही वाटतंय, तू गेलास तर मीही जाईन, अशा अर्थाचं काही बोलून परत गेला. एनात्सु शांत झाला. पहिला बॅटर तीन स्ट्राइकवर गेला. दुसऱ्याच्या वेळी तिसऱ्या बेसवरचा धावपटू अचानक घराकडे, म्हणजे शेवटच्या बेसकडे, सुटला. बॅटरनं चेंडू हळूच टेकवायचा आणि धाव चोरायची, हा बेत. एनात्सुचा हात तोवर चेंडू सोडायच्या बेतात आलेला, बोटं वळणाऱ्या चेंडूच्या पकडीत. त्या पकडीतूनच त्यानं चेंडू बॅटरच्या आवाक्याबाहेर उंच फेकला. बॅटरमागच्या कॅचरनं तो पकडला, मधेच अडकलेला धावपटू बाद झाला. मग तोच बॅटर तीन स्ट्राइकवर गेला. डावात एकूण २१ चेंडू. पुढल्या वर्षी ‘नंबर’ या जपानी क्रीडा नियतकालिकाचा पहिला अंक निघाला, त्यात जुन्जी यामागिवा यांनी या २१ चेंडूंवर लिहिलेला लेख तिथल्या क्रीडालेखनाचा मानदंड झाला. बारीकसारीक क्षणात माणसाचं मन कसं चालतं, याचा वेध घेण्याची परंपरा आपल्या कुस्ती-कबड्डीच्या लेखनात मला फार कमी दिसते. ती असायला हवी.

किनुगासाबद्दल थोडं थांबायलाच हवं. वडील अमेरिकी सैन्यातले कृष्णवर्णीय, आई जपानी, बालपण क्योतोत. १९७० ते १९८७ या काळात तो सलग २२१५ सामने खेळला आणि १९८७च्या जूनमध्ये लू गेरिगचा २१३०चा विक्रम त्यानं मागे टाकला. १ ऑगस्ट १९७९ला चेंडू लागून त्याच्या खांद्याच्या पात्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी तो बदली बॅटर म्हणून उतरला, तीन वेळा पूर्ण ताकदीनं बॅट फिरवली, एकही चेंडू बॅटला लागला नाही, बाद झाला. हाड मोडलेल्या माणसाला मैदानात उतरवणं योग्य की नाही, यावर मला आजही शंका आहे. विक्रमापायी शरीर पणाला लावणं ही जपानी खेळातली काळी बाजूही आहे. शाळेच्या पोरांकडून दिवसाला शेकडो चेंडू फेकून घेण्याची पद्धत आत्ता कुठे मोडायला लागली आहे.

कार्पनं १९७९, १९८० आणि १९८४ला जपान सिरीज जिंकली. त्यानंतर आजवर एकदाही नाही. पैशावाले संघ तयार खेळाडू विकत घेतात, कार्प पोरं घडवतो आणि ती पोरं मोठी झाली की निघून जातात. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये १९९० साली कार्पनं अकादमी काढली, तिथून आलेला अल्फोन्सो सोरियानो पुढे अमेरिकेत गाजला. केंता माएदा गेला, सेइया सुझुकी गेला.

पिचर हिरोकी कुरोदाही गेला. २००६ साली त्याला संघ सोडण्याचा हक्क मिळाला तेव्हा चाहत्यांनी मैदानात त्याच्यासाठी प्रचंड मोठा फलक लावला. तो एक वर्ष थांबला, मग लॉस एंजेलिस डॉजर्सकडे आणि पुढे न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. २०१४च्या अखेरीस, चाळिशीच्या उंबरठ्यावर, अमेरिकेत कित्येक पट पैसे मिळत असताना तो वर्षाला सुमारे चाळीस कोटी येनवर हिरोशिमाला परतला. त्याच वर्षी ताकाहिरो अराईही परतला. अराईची गोष्ट वेगळी. २००७ला रडत रडत तो हानशिन टायगर्सकडे गेला होता आणि हिरोशिमाच्या प्रेक्षकांनी नंतर त्याची हुर्यो उडवली होती. परतल्यावर त्याच लोकांनी त्याला टाळ्यांनी सामावून घेतलं. १० सप्टेंबर २०१६ला तोक्यो डोममध्ये, जायंट्सविरुद्ध, कुरोदाच्या पिचिंगवर कार्पनं पंचवीस वर्षांनी लीग जिंकली. हे दोन पिकलेले गडी मैदानात एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. त्या वर्षी सेंट्रल लीगचा सर्वोत्तम खेळाडू अराई ठरला. जपान सिरीजमध्ये निप्पॉन हॅम संघाकडून हार झाली, आणि कुरोदानं कारकिर्दीत शेवटचा चेंडू टाकला तो शोहेइ ओतानी नावाच्या बावीस वर्षांच्या बॅटरला. ओतानी झेलबाद झाला.

२०१७ आणि २०१८लाही लीग कार्पकडेच राहिली. संघाचं घर आता २००९ला उघडलेलं नवं माझदा स्टेडियम आहे. हिरोशिमा स्टेशनपासून चालत जाता येतं आणि शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनच्या खिडकीतूनही मैदान दिसतं, म्हणजे दौंडसारख्या जंक्शनवर वाढलेल्या माणसाला सोपी वाट. लाल कपड्यांतले प्रेक्षक एक रांग उभी, एक रांग खाली, अशा आळीपाळीनं बैठका काढत आपल्या बॅटरला गाण्यानं चेतवतात. त्या गर्दीत बायकांची संख्या मोठी असते.

कार्पच्या एका जुन्या खेळाडूचा धागा आपल्यापर्यंत येतो. शोगो किमुरा २००८ ते २०१५ कार्पमध्ये होता, पुढे सेइबु संघाकडून खेळून २०१८ साली तो चक्क क्रिकेटकडे वळला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आणि आयपीएल हे आपलं लक्ष्य असल्याचं त्यानं उघड सांगितलं. तिकडे हिरोशिमात अराई २०२३पासून कार्पचा व्यवस्थापक झाला आणि पहिल्याच हंगामात त्यानं संघ पाचव्या नंबरावरून दुसऱ्यावर आणला.