संवाद सहायक व आपली सोसायटी

सहकारी संस्थेत सुधारणा करावयाची म्हटली की चेअरमन कोण असावा याचीच चर्चा प्रथम सुरू होते, व बहुधा तेथेच ती संपते. पुढारी चांगला मिळाल्यास संस्था चांगली चालते, हे म्हणणे खोटे नव्हे. तथापि ते अपुरे आहे. सभासदाच्या घरापर्यंत जाऊन बोलणारे माणूस संस्थेपाशी आहे किंवा नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते. याचा दाखला शोधण्यास आपणांस जिल्ह्याबाहेर जावयास नको.

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र उलटत असता, लातूर व उस्मानाबाद (हल्लीचे धाराशिव) या जिल्ह्यांत झालेला भूकंप वाचकांच्या स्मरणात असेलच. सुमारे ८,००० माणसे दगावली. मातीत बसविलेल्या दगडांच्या जाड भिंती व वर माळवदाचा भार, अशी आपली घरे. त्यांखाली माणसे झोपेतच गाडली गेली. किल्लारी, सास्तूर वगैरे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. परंतु घरे कोसळली नाहीत, नुसती तडकली, अशी गावे त्याहून कितीतरी अधिक होती. तेथे सरकारी मदत घेऊन घरमालकाने आपले घर स्वतःच दुरुस्त व बळकट करावे असे ठरले.

खरी अडचण येथेच होती. इंजिनियर थोडे, घरे अतोनात. दारा-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींस कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा कशासाठी, भिंतीत आरपार जाणारे दगड कशासाठी, माळवदाची माती का कमी करावयाची, हे कागदावर लिहून चावडीत डकविल्याने कोणास समजणार? आमचे निम्मे आयुष्य दप्तरात गेले आहे. कागद पोचल्याची सही मिळाली की गोष्ट पोचली, असे समजण्याचा दप्तराचा जुना रिवाज आम्ही चांगला ओळखतो.

त्या वेळी श्रीमती प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या सल्ल्याने सरकारने एक निराळी वाट धरली. हजारांहून अधिक गावांतून महिला मंडळांतील स्त्रियांस ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. या बाया बहुतेक अल्पशिक्षित. त्यांनी घरोघर जाऊन मदतीचा हिशोब समजावला, गवंडी पट्टा घालतो की नाही हे उभे राहून पाहिले, व गावची तक्रार वर कळविली. घर कोणत्या कोपऱ्यात गळते हे पुरुषापेक्षा त्यांस अधिक ठाऊक होते, हे कोण नाकारील?

पुनर्वसनाचे काम १९९८ च्या सुमारास आटोपले. परंतु बाया घरी बसल्या नाहीत. त्यांनी बचत गट काढले. गुजरातेत २००१ साली भूकंप झाला तेव्हा आपल्याकडील स्त्रिया तेथील स्त्रियांस चार अनुभवाच्या गोष्टी सांगावयास गेल्या. तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या श्रीमती गोदावरी डांगे यांनी आपल्या गावच्या बचत गटातून कामास सुरुवात केली व पुढे परदेशातील सभांतून भाषणे केली. अशा कार्यकर्त्या कोणत्याही निवडणुकीने निर्माण झालेल्या नाहीत.

आम्हां शेतकऱ्यांस विशेष लागू पडते ते त्यांचे पुढील काम. दुष्काळाची वर्षे लागोपाठ आली, तेव्हा या स्त्रियांनी घरच्या कारभाऱ्याकडे अर्धा ते एक एकर जमीन मागितली. सोयाबीन किंवा ऊस नव्हे, तर त्यांत भाजीपाला, कडधान्ये, ज्वारी अशी घरात खाण्याची अनेक पिके, गांडूळखत व थोडके पाणी घालून घ्यावयाची. घरची गरज भागवून उरेल ते विकावयाचे. हाच तो ‘एक एकर’चा प्रयोग. संस्थेस २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. पारितोषिकापेक्षा आम्हांस मोलाचे वाटते ते हे, की नगदी पिकाचा भाव पडला तरी त्या एकरातून घरच्या ताटात भाकरी व भाजी येते. सगळे रान त्याच रीतीने करावे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. बाजाराचे पीकही हवेच.

आता आपल्या सोसायटीकडे वळू. सोसायटीचे सभासदत्व सातबाऱ्यावरून ठरते, व सातबाऱ्यावर बहुधा पुरुषाचेच नाव असते. खुरपणी, काढणी, दावणीची जनावरे ही सर्व जिच्या अंगावर, ती सभासद नाही. म्हणून तिला सभेची नोटीस नाही, व कर्ज किती आहे हेही पुष्कळदा ठाऊक नाही. घरधनी अकाली गेला म्हणजे ते तिला एकदम कळते. वारसाची नोंद करण्यास चावडीत आलेल्या कित्येक विधवांच्या हातात बँकेचा पहिला कागद त्याच आठवड्यात पडलेला असतो. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या होतात, तेथे ही गोष्ट किरकोळ म्हणता येत नाही.

यावर इलाज नाही असे नव्हे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ उभारून पुरुषांस स्वखुशीने पत्नीचे नाव जमिनीस लावण्याचे आवाहन केले. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून दाखल करण्याची सोय केली. ज्यांस हे करावयाचे असेल त्यांनी तलाठ्याकडे अर्ज देऊन फेरफार मंजूर झाल्याची खात्री स्वतः करून घ्यावी. अर्ज दिला म्हणजे नोंद झाली असे समजू नये. सहकार कायद्याने संचालक मंडळावर स्त्रियांसाठी २ जागा राखून ठेवल्या आहेत. परंतु त्या जागी बाईचे नाव व खुर्चीवर तिचा मालक, असा प्रकार अनेक गावी दिसतो.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी भरवावी लागते. त्या दिवसांत मूग-उडदाची काढणी आटोपून सोयाबीनची तोंडावर आलेली असते, व दुपारी बाया रानात असतात. तेव्हा सभा सायंकाळी ठेवावी, आणि नोटीस वाटणाऱ्या शिपायाबरोबर गावच्या बचत गटातील एखाद्या जाणत्या बाईस घरोघर पाठवून येणे-बाकीचा उतारा घरातील स्त्रीस वाचून दाखविण्याची व्यवस्था करावी. खर्च म्हणाल तर तिच्या चार दिवसांच्या मजुरीचा.