चाकाला वाट, खुराला अटकाव

बडोद्यावरून जाणारी गांधीनगर–मुंबई ‘वंदे भारत’ गाडी ३० सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली. सहाच दिवसांनी वटवा–मणिनगर दरम्यान म्हशींच्या धडकेने तिचा दर्शनी भाग फुटला. दुसऱ्या दिवशी आणंदजवळ गाय आडवी आली. गाडीचा फुटलेला भाग बदलता येतो. परंतु ज्याचे घर म्हशीच्या दुधावर चालते, त्याची हानी इतक्या सहज भरून निघत नाही.

पश्चिम रेल्वेने मग मुंबई–अहमदाबाद मार्गावर सुमारे ६२२ किलोमीटर लांबीचे पोलादी पट्ट्यांचे कुंपण हाती घेतले. पण सडक जेथे रूळ ओलांडते, तेथे कुंपण खंडित होणारच; आणि तेथूनच जनावर रुळांकडे वळते. त्यावर एक जुना उपाय आहे. सडकेच्या दोन्ही कडांना, रुळांखाली खड्डा खणून त्यावर अंतराअंतराने गज बसवतात. गाडी रुळांवरून निर्धास्त जाते. खुराला मात्र आधार सापडत नाही, आणि खालची पोकळी पाहून जनावर माघारी फिरते.

तथापि गुरे रूळ ओलांडतात ती चाऱ्यापाण्यासाठी. कुंपणाबरोबर त्यांना रुळांखालून वाटही ठेवली पाहिजे. नाहीतर ते कुंपण गुरांच्या आधी माणसेच मोडतील.