पिचरला किती राबवायचं?

फाशांचा बेसबॉल म्हणजे काय, हे आधी सांगतो. अमेरिकेत 1951 साली 'अपबा' आणि 1961 साली 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' असे दोन खेळ बाजारात आले. दोन्हींची कल्पना एकच. खऱ्या खेळाडूच्या एका हंगामातल्या आकड्यांवरून त्याचं कार्ड बनवायचं, आणि फासे टाकून कार्डावर जे येईल ते मैदानात घडलं असं धरायचं. स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये तीन फासे असतात. पहिल्यावर 1, 2 किंवा 3 पडले तर निकाल फलंदाजाच्या कार्डावर बघायचा; 4, 5, 6 पडले तर चेंडू टाकणाऱ्याच्या, म्हणजे पिचरच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे रकान्यातली ओळ. शाळेत मागच्या बाकावर आपण जे बुक क्रिकेट खेळायचो, त्याचाच हा शिकलेला भाऊ. (माझी आजी अजून समजते की आम्ही 'पिक्चर'बद्दल वाद घालतो. तिला समजावणं मी सोडून दिलंय.)

नानाखेड्यात बसस्टँडच्या अलीकडे-पलीकडे राहणारे आम्ही सहा जण ही लीग चालवतो. कार्डांचा डबा माझ्या न्यू जर्सीच्या आतेदादाने आणला होता. सहा संघ आहेत, प्रत्येकाशी सहा सामने, म्हणजे एका संघाचे 30. रविवारी सकाळी पोहे झाले की फासे सुरू.

आता मुद्द्याचं. या खेळात अर्धे निकाल पिचरच्या कार्डावरून येतात. नऊ फलंदाज आळीपाळीने येणार, पिचर मात्र तोच उभा. त्यामुळे चांगला पिचर हातात असेल तर साहजिकच वाटतं, यालाच रोज उतरवू. पुठ्ठ्याचा माणूस दमतो थोडाच!

इथेच सगळी लीग बिघडते. कार्ड सांगतं की हा पिचर चेंडू टाकतो तेव्हा काय होतं. तो किती वेळ टाकू शकतो, हे त्याच्या रकान्यांतून कळत नाही. खऱ्या बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर साधारण शंभर चेंडू टाकतो आणि मग चार दिवस विश्रांती घेतो. शेवटी येणारा एखादाच डाव टाकतो, पण पूर्ण ताकदीने. त्यामुळे अख्ख्या हंगामात जेमतेम 54 डाव टाकलेल्या माणसाचं कार्ड कधीकधी 216 डाव टाकणाऱ्यापेक्षा जास्त चकचकीत दिसतं. तो मोठा गोलंदाज असतो असं नाही. त्याला थोडंच काम दिलेलं असतं, तेही ताजातवाना असताना. त्या कार्डाला तुम्ही नऊ-नऊ डाव राबवलंत, तर तुम्ही जो माणूस खेळवताय तो कधी अस्तित्वातच नव्हता.

खेळ बनवणाऱ्यांनी यावर थोडा उपाय केलाय. पिचरच्या कार्डावर दमाचा एक आकडा असतो. तेवढे डाव झाल्यावर त्याला मार बसू लागला की तो दमला असं धरतात आणि एरवी आउट ठरणारी काही दानं हिट होतात. पण हा झाला एका सामन्याचा दम. हंगामाचा हिशेब लीगने स्वतः ठेवायचा असतो.

आमचा हिशेब त्रैराशिकाचा आहे. खऱ्या हंगामात संघाचे 162 सामने, आमचे 30. खऱ्या डावांना 30 ने गुणायचं, 162 ने भागायचं. 216 डाववाल्याला आमच्याकडे 40 मिळतात, 54 वाल्याला 10. एका डावात तीन आउट, म्हणून एक तृतीयांश डावसुद्धा वहीत मांडतो. वही एकाकडे, तपासणारा दुसरा. एवढं कशाला, असं विचाराल तर क्रिकेटकडे बघा. एकदिवसीय सामन्यात गोलंदाजाला 10 षटकं, टी-ट्वेंटीत 4, म्हणजे डावाचा पाचवा हिस्सा. कसोटीत मात्र अशी मर्यादा नाही. तिथे कप्तानाची अक्कल आणि गोलंदाजाचा खांदा.

खांद्यावरून आपल्या माळव्यातलीच गोष्ट सांगतो. मार्च 1945, ब्रेबॉर्न स्टेडियम, रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध होळकर. कर्नल सी. के. नायडू होळकरांचे कप्तान. महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही होळकरांकडून खेळला. सी. कें.चे धाकटे भाऊ सी. एस. नायडू लेगस्पिन टाकायचे. त्यांनी पहिल्या डावात 64.5 षटकं टाकली, 153 धावांत 6 बळी. दुसऱ्या डावात 88 षटकं, 275 धावांत 5 बळी. एकूण 917 चेंडू. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात एकाच गोलंदाजाने टाकलेल्या चेंडूंचा हा जागतिक विक्रम आहे. मुंबईने 462 आणि 764 केल्या. होळकरांकडून मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, कॉम्प्टन नाबाद 249 वर उभा राहिला, तरी होळकर 374 धावांनी हरले.

हे आकडे मी आमच्या वहीसारखे मांडून बघितले. पहिल्या डावात एका बळीला साडेपंचवीस धावा, दुसऱ्यात पंचावन्न. षटकामागे आधी 2.36, मग 3.12. सगळा दोष थकव्याचा नाही. दुसऱ्या डावात समोर विजय मर्चंट होते आणि त्यांनी 278 काढल्या. तरी पहिल्याच डावावरून सी. एस. यांचं कार्ड बनवलं आणि दुसऱ्या डावात तेच 88 षटकं चालवलं, तर टेबलावर मुंबई 764 पर्यंत सहजी पोचणार नाही. आपण होळकरांना जिंकवू आणि म्हणू, बघा, फाशांनी न्याय केला! तो न्याय नव्हे. त्या माणसाचे 917 चेंडू आपण फुकट वापरले, एवढंच.

साहित्य मंडळात हे का लिहितोय, असं आमच्या संपादक ताई विचारतीलच. त्यांच्यासाठी रॉबर्ट कूव्हर यांची 1968 ची 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन' ही कादंबरी. हेन्री वॉ नावाचा हिशेबनीस स्वयंपाकघरातल्या टेबलावर फाशांची लीग चालवतो. त्याचा लाडका तरुण पिचर फाशांच्या एका दुर्मिळ दानामुळे चेंडू लागून मरतो. हेन्री खरोखर सुतक धरल्यासारखा वागतो, आणि पुढे एकदा फाशाचं दान स्वतःच्या हाताने बदलतो. तिथून त्याची लीग त्याच्या हातात राहत नाही. आमची वही असते ती त्या हाताला आवर म्हणून.

सध्या आमच्याकडे हाच पेच आहे. दोन संघ बरोबरीत, त्यातला एक माझा. शेवटचे सहा सामने त्याच दुसऱ्या संघाशी, आणि माझ्या सर्वांत चांगल्या पिचरच्या खात्यात फक्त सव्वाचौदा... नाही, सव्वा चालत नाही, चौदा आणि एक तृतीयांश डाव उरलेत. दोन वेळा सुरुवातीला उतरवून प्रत्येकी सात टाकून घेतले तर उरतो एक आउट. "यार, दोन-तीन डाव वर झाले तर काय बिघडतं, दोघांनाही सूट देऊ," असं समोरचाच म्हणतोय, कारण त्याच्या पिचरचे तर सहाच उरलेत. बाकीचे चौघे शर्यतीत नाहीत, त्यांना चुरस बघायचीय. मी नाही म्हटलंय. रविवारी मतदान आहे, आणि वही तोवर माझ्याकडे नाही, तपासणाऱ्याकडे ठेवलीय.