बॅनरवरची होडी कुठल्या बंदराची?

जून 2007 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने एका अगदी लहान चुकीची बातमी छापली. विकिपीडियाच्या बोधचिन्हात जोडकोड्याच्या तुकड्यांनी बनलेला एक अपुरा गोल आहे आणि प्रत्येक तुकड्यावर वेगळ्या लिपीतले अक्षर आहे. त्यातली दोन अक्षरे चुकलेली होती, एक जपानी आणि दुसरे देवनागरी. देवनागरीत ‘वि’ हवा होता, पण त्याची जोडणी बिघडली होती.

अशी चूक होते कशी, हे मराठी माणसाला चटकन कळेल. संगणकात ‘वि’ टाइप करताना आधी ‘व’ येतो आणि मग वेलांटी. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढायची असते. देवनागरीची जुळणी न जाणणारे सॉफ्टवेअर टाइप केल्याच्या क्रमानेच चिन्हे मांडत जाते आणि वेलांटी भलत्या बाजूला लोंबकळते. दुसरीतल्या मुलाच्या पाटीवर असे दिसले, तर बाई तिथल्या तिथे पुसायला लावतील. जगातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या चिन्हांपैकी एकावर मात्र ही चूक 2003 पासून 2010 पर्यंत राहिली.

नवल असे, की हे चिन्ह बंद खोलीत बसलेल्या एखाद्या जाहिरात कंपनीने केलेले नव्हते. 2003 साली विकिपीडियाच्या हौशी संपादकांनी स्वतःच स्पर्धा घेतली, चित्रे मागवली, मते दिली. पॉल स्टॅन्सिफर यांचा कोड्याचा गोल निवडला गेला. तो रंगीत होता आणि त्यावर सलग मजकूर पसरलेला होता. मग लोकांनी सुचवायला सुरुवात केली. त्या सूचना लक्षात घेऊन डेव्हिड फ्रीडलँड यांनी रंग काढून टाकले, गोल राखाडी केला आणि एका तुकड्यावर एकच अक्षर ठेवले. मूळ कल्पना एकाची, हात दुसऱ्याचा आणि नजर अनेकांची. या चिन्हाला आज जे रूप आहे ते त्या चर्चेतूनच आले, आणि ते मूळ चित्रापेक्षा निःसंशय सरस आहे.

तरीही ‘वि’ निसटला. मराठी विकिपीडिया त्याच वर्षी, 1 मे 2003 रोजी, सुरू झाला होता. मत देणारे पुष्कळ होते, पण त्या एका तुकड्याकडे बघून ‘हे चुकले आहे’ म्हणणारे डोळे वेळेवर तिथे नव्हते. लोकांचे मत घेऊन चित्र काढायचे म्हटले, की सगळे मतांची संख्या मोजतात. खरा प्रश्न मत देणाऱ्याला काय ठाऊक आहे हा असतो.

हा प्रश्न पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आणून पाहू. धाकटी डहाणू हे डहाणू तालुक्यातले मच्छीमारांचे गाव. समजा, तिथल्या काही हौशी तरुणांना शंख-शिंपले, किनाऱ्यावरचे पक्षी आणि भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवण्यासाठी एक संकेतस्थळ काढायचे आहे. संकेतस्थळाच्या माथ्यावर आडवी पट्टी हवी, म्हणजे बॅनर. त्यात नाव, एक चिन्ह आणि समुद्र. चित्र जमणारा एक मुलगा रात्री बसून तीन नमुने करतो. एकात शिडाची होडी आहे, मागे मावळता सूर्य आहे, बाजूला नारळाची झाडे आहेत.

हे तीन नमुने मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात टाकून ‘कसे वाटले?’ विचारले, तर काय होईल हे सांगायला नको. अंगठे उगवतील. कुणी म्हणेल भारी, कुणी म्हणेल निळा जरा गडद कर, आणखी कुणी म्हणेल फिका कर. त्या मुलाच्या हाती काही लागणार नाही. मित्र नीटच वागले, प्रश्न ढिला होता. तेच चित्र मोबाइलवर एखाद्या अनुभवी तांडेलासमोर, म्हणजे बोटीच्या प्रमुखासमोर, धरावे आणि विचारावे, ‘काका, यात आपल्याकडचे नाही असे काय आहे?’ मग बोट थेट पडद्यावर टेकते. ही होडी आपली नाय. आपल्या बोटी इंजिनावर चालतात. नाळ अशी नसते. जाळे असे कोण टाकते?

या उत्तराला वजन आहे, कारण होड्यांची घडण खरोखरच गावागणिक बदलते. महाराष्ट्राच्या मासेमारी बोटींचा अभ्यास करणारे सातपाटी पद्धतीची बोट आणि वर्सोवा पद्धतीची बोट असा भेद नावानिशी करतात, आणि सातपाटी तर पालघर जिल्ह्यातलीच. इंटरनेटवरच्या तयार चित्रांमधली होडी बहुधा या दोहोंपैकी कोणतीच नसते. ती भूमध्य समुद्रातली असते किंवा केरळातली. बाहेरच्या माणसाला तो फरक दिसणार नाही. पण ज्यांच्यासाठी ते संकेतस्थळ आहे, त्यांना पहिल्या दिवसापासून तेवढेच दिसेल.

डहाणू-तलासरीत या चर्चेला आणखी एक जड बाजू आहे. इथे कुठलाही बॅनर करायला घेतला, की पहिली सूचना ठरलेली, ‘वारली टाका ना!’ गेरूच्या तांबड्या जमिनीवर पांढऱ्या रेषा, दोन त्रिकोणांची माणसे, तारप्याभोवतीचा फेर. सूचना चुकीची नाही. उलट, छोट्या पडद्यासाठी ही रंगसंगती आदर्श म्हणावी अशी आहे. मजकूर वाचता यावा म्हणून वेबसाठीच्या सुगम्यतेच्या नियमावलीत अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 : 1 इतका उजेडाचा फरक सांगितला आहे. फिक्या निळ्यावर पांढरी अक्षरे या कसोटीवर हमखास नापास होतात. गडद गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा सहज उतरतो. शिवाय तो फरक रंगछटेवर अवलंबून नसून उजेड-काळोखावर उभा असल्याने लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्या माणसालाही चित्र नीट दिसते.

अडचण वेगळीच आहे. वारली चित्र म्हणजे तयार नक्षीचा साठा नव्हे. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सवाष्णी जो चौक लिहितात, त्यात पालघट देवीची स्थापना असते. तो विधीचा भाग आहे, आणि लग्न लावणारी धवलेरी त्या विधीची गाणी गाते. हा चौक मजकुराभोवतीची शोभेची महिरप म्हणून कापून चिकटवावा का, याचा निर्णय चित्रकार मुलाने एकट्याने घेण्यासारखा नाही, आणि बहुमतानेही घेण्यासारखा नाही. तारप्याचेही तसेच. तारपा वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ न करता त्याच्याभोवती फिरतात. आडव्या पट्टीत बसत नाही म्हणून तो फेर सरळ ओळीत ताणला, तर दिसायला नाचच दिसेल, पण तो तारप्याचा नाच राहणार नाही. पाड्यावरची कुणीही आजी हे एका नजरेत सांगेल. तिला विचारायला कुणी जात नाही, एवढेच.

डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. 1989 साली पॅरिसमधल्या ‘मॅजिसिएन द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. बायकांच्या विधीतली कला एका पुरुषाने रोज काढायला घेतली, त्यात शेती, मासेमारी, आगगाडी आणली. परंपरा बदलता येते हे त्यांनी दाखवले, आणि ती आतून जाणणाऱ्याने बदलली तर केवढी फुलते हेही. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठीचा अर्ज डहाणू तालुक्यातल्याच आदिवासी युवा सेवा संघाचा होता. त्यामुळे धाकट्या डहाणूच्या मुलांना वारली शैली हवीच असेल, तर मार्ग जवळचा आहे. तालुक्यातल्या वारली चित्रकाराला बोलावावे, समुद्रकिनारा दाखवावा आणि पट्टी त्याच्याकडून काढून घ्यावी. ‘वारली फॉन्ट’ उतरवून घेण्यापेक्षा हे कितीतरी सन्मानाचे आहे, आणि चित्रही जिवंत उतरेल.

अक्षरांकडे मात्र बहुतेक बॅनरांत सर्वात कमी लक्ष जाते. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या पट्टीत देवनागरी बसवली, की वरची मात्रा आणि खालचा उकार कापला जातो. ‘डहाणू’ याच शब्दाचे पाहा. ‘णू’खालचा दीर्घ उकार उडाला, की गावाचे नावच मोडते. पातळ वळणाची शिरोरेषा मोबाइलवर पुसट होते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे असतात, आणि फॉन्ट निवडताना ते तपासावे लागतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाने केलेले मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉन्ट मोफत वापरता येतात, तेव्हा खर्चाची सबब उरत नाही. आणि हाताने अक्षरे काढणारे कुणी जवळपास असेल, तर फॉन्टही नको. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी कित्येक वर्षे नुसत्या नावाच्या अक्षरांतून नाटकाचा स्वभाव उभा केला. त्यांच्या शीर्षकाला वेगळे चित्र लागत नसे.

मग निर्णय कुणी घ्यायचा? भारतीय रुपयाच्या चिन्हासाठी 2009 साली खुली स्पर्धा जाहीर झाली, परीक्षकांनी पाच नमुने वेगळे काढले आणि 15 जुलै 2010 रोजी मंत्रिमंडळाने डी. उदय कुमार यांचे चिन्ह मान्य केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात गॅप या अमेरिकी कपड्यांच्या कंपनीने अचानक नवा लोगो आणला. लोकांनी इतकी नापसंती दाखवली, की साधारण आठवड्याभरातच जुना लोगो परत आला. लोकांना शेवटी विचारणे महागात पडते, हे त्यातून दिसते. छोट्या गटाला मंत्रिमंडळ लागत नाही. पण पेन्सिलीच्या कच्च्या रेघोट्या असतानाच चित्र दाखवलेले बरे. रंगवून, चकचकीत करून आणलेल्या चित्राला माणसे भिडेने नावे ठेवत नाहीत. अंतिम रेघ मात्र एकाच हाताची हवी. दहा जणांच्या दहा दुरुस्त्या जशाच्या तशा घातल्या, तर पट्टीत होडी, शंख, बगळा, दीपस्तंभ, चिकू आणि तारपा असे सगळे येईल आणि मोबाइलवर त्यातले काहीच दिसणार नाही. ब्राउझरच्या टॅबवरचे चिन्ह 16 बाय 16 ठिपक्यांचे असते. त्यात एक शंख मावतो.

एक गोष्ट आधीच कागदावर आणलेली चांगली. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला न घेता काढलेल्या चित्राचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. हौसेच्या कामात हे कुणाच्या मनात येत नाही. पुढे गट फुटला, संकेतस्थळ दुसऱ्याकडे गेले, किंवा तेच चिन्ह कुणी टी-शर्टवर छापून विकले, म्हणजे वाद होतो. म्हणून एका पानावर लिहावे की चित्र कुणाचे, कुठे वापरायचे, विकायचे की नाही आणि पुढे बदल करायचा असेल तर कुणाला विचारायचे. मूळ फाइल गटातल्या दोघांकडे ठेवावी. शक्य असेल तर मानधन द्यावे, थोडे का होईना. आणि पट्टीखाली चित्रकाराचे नाव, पाड्याच्या नावासकट, वाचता येईल एवढ्या अक्षरांत घालावे.