मज्जातंतूंची दुखणी (लेखांक ६) : नगरचं ऊन आणि एमएस

‘सकाळी तर चांगली चालत होतीस, दुपारी असं काय झालं?’ मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस असलेल्या बाईला एप्रिल-मेमध्ये हा प्रश्न ठरलेला. पाय ओढला जातो, डोळ्यांपुढे धूसर होतं, जीभ जड पडते. संध्याकाळी वारं सुटलं की सगळं पुन्हा पूर्ववत. बघणाऱ्याला ते सोंग वाटतं. ते सोंग नव्हे, आणि आजार बळावला असंही नव्हे.

मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच ते आवरण खरवडते. उघड्या पडलेल्या तंतूतून संदेश जातो, पण जेमतेम. तापमान वाढलं की तंतूवरची सोडियमची दारं लवकर मिटतात आणि हा क्षीण संदेश वाटेतच विरतो. काहींना अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी पुरतं. विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रवैद्याने 1890 मध्ये नोंदवलं, की श्रम केल्यावर अशा रुग्णांची नजर मंदावते. खरं कारण उष्णता, हे पुढे उमगलं. एमआरआय येण्यापूर्वी तर संशयित रुग्णाला गरम पाण्यात बसवून निदान करत! साधारण साठ ते ऐंशी टक्के रुग्णांना उष्णता बाधते. अंग निवलं की लक्षणं ओसरतात.

आपला नगर, आता अहिल्यानगर, जिल्हा अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग सोडला तर पर्जन्यछायेत. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, पण हवा कोरडी, आणि तीच आपल्या कामाची. कोरड्या हवेत पाणी झटकन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. म्हणून मुंबईत नुसता चिकचिकाट करणारा कूलर शेवगाव-पाथर्डीत खोली खरोखर गार करतो. फक्त समोरची खिडकी उघडी हवी. पावसाळी दमटपणा आला की त्याचा जोर संपतो.

वीज गेली तर ओला पंचा मानेवर, डोक्यावर घ्या. चाळीस अंशांत नुसता पंखा गरम वारंच मारतो. अंग ओलं असेल तर त्याचा उपयोग. पत्र्याच्या घरात दुपार काढू नका. शेजारी जुनं माळवदाचं घर असेल तर तिथे बसा, संकोच कसला?

त्रास झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच अंग निववणं फार बरं. कांदा काढायला, बँकेत किंवा लग्नाला निघण्यापूर्वी कोमट पाण्याने अंघोळ सुरू करून पाणी हळूहळू गार करत न्या. एकदम बर्फाचं पाणी घेतलं तर स्नायू आखडू शकतात.

एमएसमुळे लघवी आवरत नाही म्हणून अनेक जणी पाणीच तोडतात. त्याने लघवीचा जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, आणि ताप हे आतलं ऊनच. लघवीसाठीच्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्यांनी घामही कमी येतो. त्या आपल्या मनाने बंद न करता उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. पाय बधिर असतील तर तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नका, चटका कळत नाही.

अंग निवूनही नवं लक्षण चोवीस तासांहून जास्त टिकलं तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. ताप किंवा जळजळ असेल तर आधी लघवीची तपासणी. अंग भट्टीसारखं तापून बरळणं सुरू झालं तर तो उष्माघात. त्याच क्षणी अंगावर पाणी ओतत दवाखाना गाठायचा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एमएसचं नाव आहे. कायम दुर्बलता असेल तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, आणि नोकरी असेल तर उन्हाळ्यापुरती सकाळची पाळी लेखी मागा.